हर्ष-पुलकेशी युद्धाचे साल: शक ५४१च्या ताम्रपटाचे प्रकरण

बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि कनौजचा हर्षवर्धन यांची लढाई शाळेतल्या पुस्तकातही असते. ती झाली की नाही, याबद्दल वाद नव्हता. वाद होता सालाचा. ६१२ आणि ६३०-६३४ या दोन टोकांमध्ये हे साल शंभराहून अधिक वर्षे हेलकावे खात होते, आणि अखेर एका ताम्रपटाने, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानलेखाने, ते ६१९च्या अलीकडे येऊ दिले नाही. हा निर्णय कसा झाला, कोणत्या पायरीवर कोणता पुरावा फसला, आणि आजही काय सैल आहे, ते इथे मांडले आहे. अभ्यासकांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. वाद व्यक्तींचा नसून पद्धतीचा आहे.

पार्श्वभूमी

हर्ष ६०६मध्ये गादीवर आला. पुलकेशीने चुलता मंगलेश याच्याशी झगडून ६१०च्या सुमारास बदामी घेतली. घरच्या भांडणाचा फायदा घ्यायला अप्पायिक आणि गोविंद हे दोघे भीमेच्या उत्तरेकडून चाल करून आले. त्यांतल्या एकाला पळवून आणि दुसऱ्याला फोडून पुलकेशीने राज्य सावरले. पुढे वनवासीचे कदंब, गंग, आळुप, कोकणातले मौर्य आणि पश्चिम समुद्रातली पुरी असा त्याचा पसारा वाढत गेला. लाट (दक्षिण गुजरात), मालव आणि गुर्जर त्याच्या वळचणीला आले, तेव्हा त्याची हद्द नर्मदेला भिडली. उत्तरेकडून हर्षही त्याच दिशेने सरकत होता. गाठ पडणे ठरलेलेच होते.

या गाठीचा सर्वांत गाजलेला पुरावा कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर आहे. रविकीर्ती या कवीने रचलेल्या त्या प्रशस्तीत, म्हणजे पुलकेशीच्या स्तुतिलेखात, हर्षावर एकच श्लोक आहे. त्याचा शेवट 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः' असा, म्हणजे ज्याने हर्षाचा हर्ष भीतीने गळून पाडला तो पुलकेशी. लेखाचे साल दोन पद्धतींनी दिले आहे: भारतीय युद्धानंतर ३७३५ वर्षे आणि शकराजांची ५५६ वर्षे सरल्यावर, म्हणजे इ.स. ६३४-३५. याच प्रशस्तीत पुलकेशीला ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटले आहे, म्हणून मराठी वाचकाला ती विशेष ओळखीची.

दुसरा साक्षीदार चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग. तो ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला. शिलादित्याने, म्हणजे हर्षाने, भारताच्या पाचही भागांतून फौजा गोळा केल्या, निवडक सरदार बोलावले, स्वतः पुढे होऊन चाल केली, तरी या लोकांना तो नमवू शकला नाही, असे त्याने लिहिले. साल मात्र दिले नाही.

अडचण

म्हणजे 'कधीपूर्वी' याचे उत्तर होते: ६३४-३५. 'कधीनंतर' याचे उत्तर पुलकेशीच्या राज्यारोहणापलीकडे जात नव्हते. मधली जवळजवळ पंचवीस वर्षे मोकळी होती, आणि जो तो त्या मोकळ्या जागेत आपापल्या आवडीचे साल बसवत होता.

यात केवळ तारखेची हौस नव्हती. लढाई ६१२ची धरली, तर हर्ष नवखा राजा ठरतो आणि पुलकेशी त्याहून नवखा. ६३२ची धरली, तर उत्तर भारत मुठीत आलेला सम्राट पूर्ण ताकदीने दक्षिणेवर आला आणि हरला, असे चित्र उभे राहते. हर्ष किती मोठा आणि त्याचा पराभव किती मोठा, हे दोन्ही सालावर अवलंबून होते.

समोरचे पर्याय

*पहिला पर्याय: ६१२ किंवा त्याआधी.* याला दोन आधार होते. ह्युएन त्संग म्हणतो, हर्ष सहा वर्षे लढला आणि मग तीस वर्षे शस्त्र न उचलता राज्य केले. ६०६मध्ये सहा मिळवले की ६१२. दुसरा आधार पुलकेशीचा हैदराबाद ताम्रपट, शक ५३४चा, राज्याच्या तिसऱ्या वर्षाचा. त्यात पुलकेशीचे बिरुद येते: 'समरशतसंघट्टसंसक्तपरनृपतिपराजयोपलब्धपरमेश्वरापरनामधेय'. शंभर लढायांत गुंतलेल्या शत्रुराजाला हरवून 'परमेश्वर' हे दुसरे नाव मिळवलेला, असा त्याचा अर्थ. पुढच्या पिढ्यांच्या चालुक्य ताम्रपटांत हेच बिरुद 'परनृपती'च्या जागी 'सकलोत्तरापथेश्वर श्रीहर्षवर्धन' घालून येते. मग ६१२चा अनाम शत्रुराजा म्हणजेच हर्ष, अशी सांगड घातली गेली.

सांगड दिसायला नेटकी आहे, आणि तिथेच ती घसरते. बिरुद आधी तयार झाले, हर्षाचे नाव त्यात वंशजांनी नंतर भरले, ही शक्यता तितकीच जवळची आहे. हर्षासारखा शत्रू खरोखर हरवला असता, तर ताज्या विजयाच्या ताम्रपटात त्याचे नाव गाळायचे कारण काय? शिवाय हिशेबही बसत नाही. गादीवर आल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या आत मंगलेशाशी यादवी, भीमेवरचे संकट, वनवासीपासून कोकणापर्यंतच्या मोहिमा, त्यानंतर लाट-मालव आणि त्यावर हर्ष, हे सगळे कोंबावे लागते. यात्रेकरूची 'सहा आणि तीस' ही गोळाबेरीज दरबारी स्तुतीतली आहे. तिच्यावर साल टांगणे धोक्याचे.

*दुसरा पर्याय: ६३० ते ६३४.* हा पर्याय बराच काळ सर्वांत भक्कम मानला गेला. नाशिक जिल्ह्यातल्या लोहोणेर इथे पुलकेशीचा शक ५५२चा, म्हणजे इ.स. ६३०चा ताम्रपट सापडला. त्यात त्याला पूर्व आणि पश्चिम समुद्रांचा स्वामी म्हटले आहे, पण हर्षाचा उल्लेख नाही. चार वर्षांनी ऐहोळेत आहे. म्हणून लढाई या दोहोंच्या मध्ये, असा युक्तिवाद झाला. त्याला जोड मिळाली भडोचच्या गुर्जरांकडून. त्या घराण्याचा नवसारी ताम्रपट सांगतो की परमेश्वर श्रीहर्षाने जेरीस आणलेल्या वलभीच्या (सौराष्ट्र) राजाला दद्दाने आश्रय दिला. हा दुसरा दद्द. त्याचे ताम्रपट ६२९पासून मिळतात. हर्ष वलभीवर आला, दद्द आडवा आला, मग पाठीराखा पुलकेशी उतरला आणि नर्मदेवर लढाई झाली, अशी साखळी जुळवली गेली. हर्षाला आधी गौडाच्या (बंगालच्या) शशांकाचा बंदोबस्त करायचा होता, तोवर तो दक्षिणेकडे वळणे शक्य नव्हते, हा तिसरा आधार.

*तिसरा पर्याय: मधली वर्षे, ६१८ ते ६२७.* याचा आधार चीनच्या तांग दरबाराची बखर. वूदे या कालखंडात, म्हणजे ६१८ ते ६२६मध्ये, भारतात मोठी धामधूम होती. शिलादित्याच्या हत्तींचे हौदे उतरले नाहीत आणि शिपायांची चिलखतेही उतरली नाहीत, असे ती सांगते. यात दक्षिणेचे नाव नाही. म्हणून हा पर्याय बहुतेकांनी तोंडी लावण्यापुरता ठेवला.

निर्णयाचे टप्पे

विजापूरकडून आलेला आणि मुंबईतल्या खासगी संग्रहातून उजेडात आलेला एक ताम्रपट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वाचला गेला. २०१६च्या सुमारास त्यातली माहिती जाहीर झाली. विजापूर-मुंबई ताम्रपट या नावाने तो ओळखला जातो. दान देणारा दुसरा पुलकेशी, साल शक ५४१, तिथी वैशाख पौर्णिमा. आणि त्यात हर्षाच्या पराभवाचा उल्लेख आहे.

अशा वस्तूपुढे पहिला प्रश्न खरेपणाचा. उत्खननात सापडलेला पट आणि संग्रहातून हाती आलेला पट यांची तपासणी सारखी असू शकत नाही, कारण दुसऱ्यात सापडण्याची जागाच साक्ष द्यायला नसते. चालुक्यांच्या बाबतीत ही काळजी उगाच नाही. कोल्हापूरजवळच्या अळते गावाच्या नावाने ओळखला जाणारा पट शक ४११चा म्हणवतो आणि पहिल्या पुलकेशीचे नाव घेतो. पण त्या राजाचा पहिला विश्वासार्ह लेख बदामीच्या कड्यावरचा, शक ४६५चा. अर्धशतकाचा फरक पाहून तो पट बनावट ठरला. जमिनीचा हक्क शाबीत करायला नंतरच्या काळात असे पट बनवले जात, आणि बनवणारे नेमके सालातच चुकत.

तपासणी साधारण या क्रमाने होते. आधी अक्षरवटिका: सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या निश्चित लेखांशी अक्षरांची वळणे जुळतात का. मग पत्रे ओवणारी कडी आणि तिच्यावरची मुद्रा. त्यानंतर वंशावळ: मानव्य गोत्र, हारितीपुत्र, कार्तिकेयाचे रक्षण, वराहलांछन हा ठरावीक मजकूर त्या पिढीला शोभेल इतकाच आहे की पुढच्या पिढीची भर त्यात घुसली आहे. शेवटी काळगणित. बनावटगिरी बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर पकडली जाते. अक्षर नकलता येते. पण दोनशे वर्षांनी बसून जुने पंचांग मांडणे कठीण.

दुसरा टप्पा तारखेचा. शक सालातून इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पण आधी ठरवायचे की दिलेले साल गत (सरलेले) आहे की चालू. ऐहोळेत 'समतीतासु' असे स्पष्ट लिहिल्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. जिथे असे लिहिलेले नसते तिथे एका वर्षाची चूक सहज शिरते. शक ५४१ गत धरले तर वैशाख ६१९चा, चालू धरले तर ६१८चा. महिन्याच्या बाबतीत इथे एक सोय आहे. महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) धरा की पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा), शुक्ल पक्ष दोन्हींत त्याच महिन्याचा राहतो, म्हणून पौर्णिमा हलत नाही. अमावास्या हलते. हैदराबाद ताम्रपटाची तिथी भाद्रपद अमावास्येच्या सूर्यग्रहणाची आहे, आणि म्हणूनच त्याचे साल ६१२ की ६१३ हा घोळ झाला. वैशाख पौर्णिमेला फक्त अधिक महिन्याची शक्यता पाहावी लागते.

या गणितातून तारीख निघाली ४ एप्रिल ६१९. आजच्या कॅलेंडरवर वैशाख पौर्णिमा एप्रिलअखेर किंवा मेमध्ये पडते, त्यामुळे ही तारीख पाहून काही जण चपापतात. कारण साधे आहे. ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आताच्या गणनेने तीन दिवस पुढची. शिवाय आपली मेषसंक्रांत, म्हणजे सूर्याचा मेष राशीतला प्रवेश, नक्षत्रांना बांधलेली असल्यामुळे चौदाशे वर्षांत ती ऋतूंच्या तुलनेत तीन आठवड्यांहून अधिक पुढे सरकली आहे. तेव्हा ती वसंतसंपाताला (मार्चमधल्या समान दिवस-रात्रीला) जवळजवळ चिकटून होती. पौर्णिमेची चूक काढण्याआधी हा हिशेब करावा.

तिसरा टप्पा सर्वांत नाजूक: या तारखेवरून लढाईबद्दल नेमके काय म्हणायचे? ताम्रपटाची तारीख दानाची आहे, लढाईची नाही. तिच्यावरून ठाम विधान एकच निघते: ४ एप्रिल ६१९पूर्वी पुलकेशीच्या दरबाराला हर्षावरचा विजय मिरवण्यासारखा वाटत होता. अभ्यासकांनी त्यापुढे जाऊन लढाई ६१८-१९च्या हिवाळ्यात झाली असे अनुमान मांडले. ते बसते. पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतर फौजा बाहेर पडत. नर्मदेचा उतार मिळायचा तोही तेव्हाच. आणि उन्हाळा तापायच्या आत राजा दानधर्माला मोकळा. राज्याच्या आठव्या वर्षी, ६१७-१८च्या सुमारास, पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन युवराज म्हणून भीमेच्या खोऱ्यात दान देताना सातारा ताम्रपटात दिसतो, म्हणजे घरची घडी तोवर बसली होती. पण अनुमान ते अनुमानच. ६१६च्या हिवाळ्यात लढाई झाली आणि उल्लेख ६१९मध्ये आला, यात अशक्य असे काही नाही.

निकाल

दुसरा पर्याय पूर्ण कोसळला. लोहोणेरचा पट ६३०चा असूनही हर्षाबद्दल गप्प आहे, आणि आता आपल्याला माहीत आहे की तेव्हा लढाई होऊन निदान अकरा वर्षे झाली होती. म्हणजे ते मौन पुरावा नव्हतेच. ताम्रपटाचा मसुदा करणारा लेखक कोणते बिरुद घेतो, किती जागा उरली आहे, दान कुठल्या मुलखातले आहे, यावर मजकूर ठरतो. लोहोणेरच्या लेखकाला दोन समुद्रांचे स्वामित्व पुरेसे वाटले. गंमत अशी की हर्षाच्या बांसखेडा (६२८) आणि मधुबन (६३१) ताम्रपटांतही या लढाईचा उल्लेख नाही, पण त्या मौनाचे कोणाला नवल वाटले नाही. आपला पराभव तांब्यावर कोण कोरून ठेवील?

पहिल्या पर्यायाला गणिताच्या बाजूने धक्का बसला नाही, कारण ६१२ हे साल ६१९च्या आधीचेच आहे. तो अडतो दुसरीकडे: हैदराबाद ताम्रपटात हर्षाचे नाव नाही आणि शक ५४१च्या ताम्रपटात आहे. लोहोणेरवर केलेली टीका इथे उलटून आपल्याच अंगावर येते, हे मान्य केले पाहिजे. नाव नसणे इथेही निर्णायक नाही. म्हणून ६१२ अशक्य म्हणता येत नाही. मोहिमांचा हिशेब पाहता ते फार अवघड आहे, इतकेच.

तोंडी लावण्यापुरता ठेवलेला तिसरा पर्याय मात्र एकदम वजनदार झाला. तांग बखरीतली ६१८-६२६ची धामधूम आता नर्मदेच्या लढाईशी काळाने जुळते.

सर्वांत मोठा फरक हर्षाच्या चित्रात पडला. गंजामचा ताम्रपट गुप्त संवत ३००चा आहे. त्यात ३१९-३२० मिळवले की इ.स. ६१९-२० येते. त्यातला स्थानिक राजा माधवराज शशांकाला आपला महाराजाधिराज म्हणतो. म्हणजे पुलकेशी वैशाख पौर्णिमेला दान देत होता त्याच वर्षाच्या आसपास बंगालपासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत हर्षाचा वैरी ठाण मांडून होता. हर्ष दक्षिणेला आला तेव्हा त्याचे पूर्वेचे अंगण मोकळे नव्हते. 'सकलोत्तरापथेश्वर' हे विशेषण पुलकेशीच्या वंशजांनी विजयाचा भाव वाढवायला नंतर लावलेले दिसते. ६१९च्या हर्षाला ते ढगळ होते. शशांकाचा बंदोबस्त आधी, दक्षिण नंतर, हा दुसऱ्या पर्यायाचा तिसरा आधारही इथे गळून पडतो.

वेगळे काय करता आले असते

ऐहोळेची प्रशस्ती कालक्रमाने रचली आहे, हे गृहीत फार लवकर धरले गेले. तिचे श्लोक दक्षिणेतून पश्चिमेला, तिथून उत्तरेला, मग कलिंग-कोसल, पिष्टपूर, कांची, कावेरी असे फिरतात. हा दिग्विजयाचा ठरलेला फेरा आहे. सालवार जंत्री म्हणून तो वाचता येत नाही. आणि एक बारीक गोष्ट बहुतेक पुस्तके ओलांडून जातात: हर्षाच्या श्लोकात नर्मदेचे नाव नाही. रेवा, म्हणजे नर्मदाच, येते ती पुढच्या श्लोकात, पुलकेशीच्या राज्याची शोभा म्हणून. लढाई नर्मदेकाठी झाली हे दोन श्लोक शेजारी ठेवून काढलेले अनुमान आहे. बहुधा बरोबर असेल, पण ते ऐहोळेच्या नावावर खपवू नये.

'६३० ते ६३४' लिहिणाऱ्यांनी त्या सालापुढे आधाराची जात नोंदवली असती, तर बरेच काम वाचले असते. साल थेट कोरलेले, गणिताने काढलेले, उल्लेखावरून बांधलेले आणि मौनावरून तर्कलेले, असे चार दर्जे ठेवायला हवेत. चौथ्या दर्जाचे साल पाठ्यपुस्तकात गेले की ते पहिल्या दर्जाचे होऊन बसते आणि पुढची पिढी तेच उद्धृत करते.

वर्षवार नोंदी करणाऱ्यांसाठी या प्रकरणातून ६१९च्या रकान्यात एवढेच जाते: '४ एप्रिल: दुसऱ्या पुलकेशीचा ताम्रपट, हर्षाच्या पराभवाचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख.' लढाईची नोंद ६१८-१९ अशी जोडसाल देऊन, 'अनुमान' हा शब्द लावून वेगळी करावी. 'हर्ष ६१९मध्ये हरला' असे लिहिणे ताम्रपटापेक्षा जास्त बोलणे होईल.

एक गाठ अजून सुटायची आहे. नवसारी ताम्रपटातली वलभीची हकीकत आता नर्मदेच्या लढाईला जोडता येत नाही, पण ती खोटीही ठरत नाही. हर्षाने वलभीवर घातलेला दाब ६२९च्या आसपासचा धरला, तर तो पुलकेशीकडून हार खाल्ल्यावर दहा वर्षांनी पुन्हा नर्मदेच्या तोंडाशी आला होता, आणि वलभीच्या ध्रुवभटाला आपली मुलगी देऊन त्याने तो प्रश्न मिटवला. ह्युएन त्संग या जावयाची नोंद करतो. त्या दुसऱ्या खेपेला पुलकेशी उतरला की दद्दाने एकट्याने निभावले, हे सांगणारा पट अजून कोणाच्या हाती आलेला नाही.